झाली का?

आमची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. थोड्याच दिवसांत तिचं पोट फुगून ताठ झालं. आतड्याचा एक तुकडा आत सडला होता. सर्जननी तो काढला आणि आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणून ठेवलं. शी तिथून पिशवीत यायची. वजन वाढल्यावर त्यांनी आतडं पुन्हा जोडलं, तर जोडातून गळती होऊन संसर्ग झाला. परत पोट उघडून नव्यानं जोडावं लागलं.

"या वेळी जोड धरला पाहिजे," सर्जन म्हणाले. "आणखी एक ऑपरेशन तिला झेपेल असं मला वाटत नाही."

जोड धरला, हे कळायची खूण एकच होती, शी होणं. तोवर तोंडानं काही द्यायचं नव्हतं. बायको दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायला देत राहिली.

माझी रजा संपली होती. कोथरूडहून हिंजवडीला जाताना कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली की गावाहून अण्णांचा, माझ्या वडिलांचा, फोन यायचा. चौथीत शाळा सुटलेल्या अण्णांनी मला इंजिनिअर केलं. घरातला पहिला शिकलेला मी, तेव्हा मला सगळं कळत असणार असं ते धरून चालत. मी इंटरनेटवर रात्रंदिवस वाचत होतो आणि मला काहीच सांगता येत नव्हतं. अण्णा एवढंच विचारत, "झाली का?" मी हळूच म्हणायचो, "अजून नाही झाली."

बसमध्ये शेजारी बसणारे गृहस्थ हे ऐकून एकदा म्हणाले, "तुमची बढती फारच रखडलीय हो."

संध्याकाळी काचेच्या पेटीशी उभा राहून मी सिस्टरना तेच तेच विचारायचो. "अहो, मुलगी दीड किलोची आणि तुमचे प्रश्न क्विंटलभर," त्या म्हणत. राग यायचा नाही. बोलता बोलता त्या तिची कूस इतक्या अलगद बदलायच्या, की ती जागीही होत नसे.

एका संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "हात धुऊन या. आज डायपर तुम्ही बदला."

डायपरला हिरवट काळा, अंगठ्याएवढा डाग होता. बायको बघून स्टुलावर बसली. सर्जन येऊन पाहून गेले. आता दूध थेंबाथेंबानं सुरू करू, पण आतडं कमी झालंय, वजन मागे राहील, पुढेही त्रास होऊ शकतो, असं त्यांनी समजावलं. मी मान हलवत राहिलो. डोक्यात आणखी काही शिरत नव्हतं.

बाहेर पायरीवर बसून अण्णांना फोन लावला. ते विचारायच्या आत म्हणालो, "झाली."

 अण्णा म्हणाले, "बरं. आता जेव आन् झोप."

मी हो म्हटलं आणि भिंतीला टेकलो. बायकोनं येऊन हलवलं, तेव्हा फोन हातातच होता.