वडील वारल्याचा अर्ज

इंग्रजीची आणि माझी ओळख झाली ती लोणावळ्याच्या बाजारात, एका किराणा दुकानाच्या माडीवर. खाली मिरच्यांची पोती होती, त्यामुळे वर शिकणारा प्रत्येक जण शिंकत शिंकत शिकला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. जर्मनीची दुसरी लढाई सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षं होती. मराठी सातवी, म्हणजे त्या वेळची फायनल, मी तळेगावात पास झालो होतो आणि नवलाख उंबरे गावाजवळच्या आमच्या वस्तीत इतकं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. ही गोष्ट माझ्या फार लवकर ध्यानात आली आणि तिनं माझं वाटोळं केलं. नांगराला हात लावायची मला लाज वाटू लागली. मला कारकून व्हायचं होतं. कारकून करतो काय, हे मला ठाऊक नव्हतं. पण तो सावलीत बसून करतो, एवढं मी तळेगाव स्टेशनच्या खिडकीतून पाहिलं होतं.

लोणावळ्याला माझी मावशी राहायची. तिचा नवरा एका बंगल्यावर माळी होता. तिच्याकडे राहून मी त्या माडीवर जाऊ लागलो. दारावर पाटी होती : ‘येथे सहा आठवड्यांत नोकरीचे इंग्रजी शिकविले जाईल.’ आमचे मास्तर पूर्वी मुंबईत कुठल्याशा पेढीवर कारकून होते, म्हणजे तसं ते सांगत. काळा कोट, काळी टोपी, आणि बोलताना दर दोन वाक्यांनी घसा खाकरायची सवय. आम्हाला ती खाकरही इंग्रजी वाटायची.

पहिल्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. पहिला ‘सर’. दुसरा ‘बेग’.

“बेग म्हणजे भीक मागणे,” मास्तर म्हणाले. “पण इंग्रजीत त्याला भीक म्हणत नाहीत. नम्रता म्हणतात.”

आम्ही पाच जण होतो. पाचांनी वहीत लिहून घेतलं. माझ्या शेजारी बाजारातल्या पावभट्टीवाल्याचा मुलगा बसायचा. मुसलमान होता, बोलायचा आमच्यासारखंच, आणि त्याला प्रश्न विचारायची खोड होती. तो म्हणाला, “मास्तर, ‘मला काम येतं’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?”

“ते म्हणायचं नसतं,” मास्तर म्हणाले. “काम येतं म्हणालास की साहेबाला तुझी दया कशी येणार?”

सहा आठवड्यांत आम्ही एकच पत्र शिकलो. मास्तरांना तेवढंच येत होतं, पण ते आम्हाला नंतर कळलं. रोज दोन ओळी पाठ करायच्या, बोरूनं दहादा गिरवायच्या. त्या पत्राचा मतलब असा होता : आपल्या कृपेच्या छायेत एक जागा रिकामी झाल्याचं कानावर आलं, सबब मी अत्यंत आदरानं आणि नम्रतेनं भीक मागतो की माझा विचार व्हावा. माझे वडील नुकतेच वारले असून वृद्ध आई, विधवा बहीण आणि नऊ खाणारी तोंडं यांचा भार माझ्या एकट्यावर पडला आहे. ही कृपा झाल्यास मी आपल्या दीर्घायुष्यासाठी सदैव प्रार्थना करीन. खाली, ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’.

“मास्तर, माजे वडील तर आत्ता भट्टीपाशी हायेत,” भट्टीवाल्याचा मुलगा म्हणाला.

“असू देत. वाक्य फार चांगलं आहे.”

“पर ते जिवंत हायेत.”

“अरे, पत्रात वारायचे आहेत. घरी कुठे वारायचे आहेत?”

माझे वडीलही जिवंत होते. नुसते जिवंत नव्हते, भाताचं पोतं एका हातानं पाठीवर घेत होते. गावात लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणत. मला विधवा बहीण नव्हती. होती ती सुखानं सोमाटण्याला नांदत होती. त्यांना सगळ्यांना मी त्या कागदावर लिहून टाकलं. लिहिताना हात थरथरला, असं सांगायला मला आवडलं असतं. थरथरला नाही. ‘एक्स्पायर्ड’ या शब्दात आय येतो की वाय, एवढीच मला काळजी होती.

मास्तरांचं इंग्रजी किती खोल आहे, ते एकदा दिसलं. आम्ही त्यांच्यामागून बाजारातून चाललो होतो. एका मडमेनं घोडागाडी थांबवली आणि काळा कोट बघून मास्तरांना काहीतरी विचारलं. त्यात ‘पोस्ट’ हा शब्द आम्ही पाचांनीही ऐकला. मास्तरांनी टोपी काढली, घसा खाकरला आणि म्हणाले, “मॅडम, आय मोस्ट हम्बली बेग टू स्टेट.” मडम वाट बघत राहिली. मास्तरांनी पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्यानं. शेवटी भट्टीवाल्याच्या मुलानं पोस्टाकडे हात केला आणि गाडी गेली.

“काय म्हणाली हो?” आम्ही विचारलं.

“तिचं इंग्रजी कच्चं आहे,” मास्तर म्हणाले.

त्यानंतर महिनाभरात रेल्वेच्या मालगुदामात कारकुनाची एक जागा निघाली. मास्तरांनी आम्हा पाचांनाही तिथंच अर्ज करायला लावले. पाच अर्ज एकाच दिवशी, एकाच पोस्टातून, एकाच शाईत गेले. आणि आश्चर्य म्हणजे पाचांनाही बोलावणं आलं. मास्तर इतके फुगले की त्यांनी पाटीवरचे ‘सहा आठवड्यांत’ पुसून ‘चार आठवड्यांत’ केले.

मी आनंदाच्या भरात घरी निरोप धाडला. ही माझी दुसरी चूक. साहेबाचं बोलावणं आलं म्हटल्यावर आबा घरात कसे थांबतील? बोलावण्याच्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते लोणावळ्याला उतरले. धुतलेलं धोतर, नवं पागोटं, आणि खांद्यावर साहेबाला द्यायला आंबेमोहराची गाठोडी. मला स्टेशनातच घाम फुटला.

“आबा, तुमी मावशीकडं थांबा. हितं माणसांना आत घेत न्हाईत.”

“आत कशाला येतोय? भाईर बसंन. साहेब कसा असतो ते तरी बगू दे की.”

साहेबाची कचेरी त्याच्या बंगल्याच्याच आवारात होती. आबा बाहेर जांभळीखाली बसले. आम्हा पाचांना आत एका ओळीत उभं केलं. साहेब टेबलाशी होता, बाजूला त्याचा हेडक्लार्क, पुण्याकडचा, चष्मेवाला. टेबलावर आमचे पाच अर्ज पत्त्यांसारखे मांडून ठेवले होते. बोलावणं का आलं होतं, ते तेव्हा समजलं. साहेबाला कारकून निवडायचा नव्हता. हे पाच प्राणी त्याला डोळ्यांनी बघायचे होते.

साहेबानं बोटानं एकेक अर्ज दाखवला आणि काहीतरी म्हणाला. हेडक्लार्कनं मराठी केलं : “साहेब विचारतात, लोणावळ्यात महामारी आली होती काय? पाच बाप एकाच महिन्यात गेले, आणि पाचांच्याही घरी नऊच माणसं उरली.”

मग साहेब माझ्याकडे वळून सावकाश इंग्रजीत काहीतरी म्हणाला. त्यातला ‘फादर’ मला कळला. माझ्याजवळ पत्राखेरीज दोनच इंग्रजी वाक्यं होती. ती मी दोन्ही वापरली : “यस सर. थँक्यू सर.”

हेडक्लार्कनं कपाळाला हात लावला. “अरे, ते विचारतायत, तुझे वडील कधी वारले?”

हे मात्र त्यानं मोठ्यानं विचारलं, आणि खिडकी उघडी होती.

आबा दारात येऊन उभे राहिले. शिपायानं अडवलं, पण पोतं एका हातानं उचलणाऱ्या माणसाला शिपाई काय अडवणार? “कोन वारलं?” आबांनी विचारलं.

“आपण कोण?”

“मी ह्याचा बाप.”

हेडक्लार्कनं ते इंग्रजीत सांगितलं. साहेब खुर्चीत मागे रेलून असा हसला की त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. मग तो मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, “तुम तो मर गया है. कागज पर लिखा है.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, आता इथंच एक थोबाडीत बसणार. पण आबा साहेबाला म्हणाले, “मी मेलो का न्हाई ते मागनं बगू. तुमची गाय मात्र सांजच्याला मरंल.”

बाहेर जांभळीखाली बसल्या बसल्या त्यांनी ती गाय पाहिली होती. साहेबाची दुधाची गाय, विलायती, धष्टपुष्ट. तिचं डावं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, तोंडाला फेस, आणि दोन नोकर तिला आडवी पाडून वर घोंगडी घालत होते. थंडी वाजते म्हणून! हेडक्लार्कनं हे सांगितल्यावर साहेब उठलाच. आम्ही सगळे उमेदवार त्याच्या मागे. आबांनी नोकरांना बाजूला केलं, गायीला उठवलं, तोंडात आडवी काठी धरून शिंगांना दोरीनं बांधली, म्हणजे ती चघळत राहील. किटलीभर गोडं तेल आणि हिंग मागवला. साहेबाच्या घरात हिंग नव्हता. भट्टीवाल्याचा मुलगा धावत बाजारात गेला आणि घेऊन आला. त्या दिवशी आम्हा पाचांपैकी कोणी काही काम केलं असेल, तर ते एवढंच. तेल पाजून आबांनी गायीला चढावर तोंड करून उभी केली आणि डावी कूस चोळत राहिले. घटकाभरानं पोटातला वारा असा काही आवाज करून सुटला की व्हरांड्यातून बघणारी साहेबाची मडम आत निघून गेली.

साहेबानं आबांशी हात मिळवला. आबांनी तो आधी धोतराला पुसला. आपला, साहेबाचा नव्हे. साहेब म्हणाला, इथं राहा, गायीचं काम बघ, खोली देतो.

“माजी चार जनावरं हायेत घरी,” आबा म्हणाले. “त्यांना कोन बगंल? द्यायचंच तर ह्याला काम द्या.”

साहेबानं मान हलवली. हेडक्लार्क म्हणाला, “साहेब म्हणतात, जो जिवंत बापाला मारतो, तो गुदामातली पोती जिवंत कशी ठेवील?” हे साहेब खरंच म्हणाला, की हेडक्लार्कनं पदरचं घातलं, ते मला आजही माहीत नाही. मला वाटतं, पदरचंच होतं.

ती जागा पुढे हेडक्लार्कच्याच मेहुण्याला मिळाली. त्याच्या अर्जातही वडील वारले होते. फक्त ते टाइप करून वारले होते. हे वारलेले वडील दर रविवारी पुण्याहून त्याला डबा घेऊन येत. लोणावळ्यातल्या बऱ्याच लोकांनी त्यांना पाहिलं.

कचेरीतून आबा सरळ मास्तरांच्या माडीवर गेले. मी मागून. आबा भांडतील, या धास्तीनं मास्तर खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

“मास्तर, मला कशापायी मारलंत?”

मास्तरांनी घसा खाकरला. मग म्हणाले, “आबा, माझे स्वतःचे वडील अकरा अर्जांत वारले. अकराव्या वेळी खरंच वारले. तेव्हा काय नवीन लिहावं, ते मला सुचेना.”

आंबेमोहराची गाठोडी गडबडीत साहेबाला द्यायची राहून गेली होती, ती आबांनी मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि ते जिना उतरले. मला राग आला. माझं हसं झालं आणि तांदूळ मास्तरांना! गाडीत बसेपर्यंत आबा माझ्याशी एवढंच बोलले : “तुज्या आयला यातलं काय सांगू नगंस. ती दोन दिस जेवायची न्हाई.”

आमच्या या फजितीनं मास्तरांचा वर्ग बुडाला असेल, असं कोणालाही वाटेल. झालं उलटंच. पाच अर्जांना पाच बोलावणी आली, एवढीच बातमी कामशेत-वडगावापर्यंत गेली. माडी पुरेना म्हणून मास्तरांनी मागची खोलीही घेतली. नंतर दोन वर्षं मावळातले किती बाप त्या माडीवर वारले, ते देवाला ठाऊक.

मी गावी परतलो नाही. कोणत्या तोंडानं परतणार? भट्टीवाल्याचा मुलगा सकाळी बंगल्याबंगल्यांवर पाव पोचवायचा. तो म्हणाला, “माज्यासंगं चल. मोप इंग्रजी पडलंय तितं.” खरंच पडलं होतं. खानसामे, आया, मडमा, सगळ्यांकडून मी रोज दोन-चार शब्द उचलले. आजचा पाव शिळा आहे, उद्या दोन जास्त आण, कुत्रा चावत नाही. त्या भाषेत कोणी भीक मागत नव्हतं. सगळे ओरडत होते. ओरडण्यातून मी वर्षभरात जेवढं शिकलो, तेवढं नम्रतेतून शिकलो नाही.

पुढे खंडाळ्याला एका हॉटेलात भांडारावर माणूस हवा होता. मी पाव घेऊन गेलो होतो. मॅनेजरला तिथल्या तिथं म्हणालो, “आय नो स्टोअर. आय कम टुमारो?” तो म्हणाला, “कम टुडे.” लढाई संपेपर्यंत मी तिथं होतो.

आबा एकदा बघायला आले. मी त्यांना मागच्या पायरीवर चहा दिला. दाराच्या फटीतून ते जेवणाची खोली बघत होते. साहेबलोक काटेचमचे घेऊन हळूहळू बोलत होते.

“काय बोलत्यात रं?”

“हवापाण्याचं. पाऊस कधी थांबंल, कधी उघडीप पडंल.”

आबांनी बशीतला चहा संपवला. “ह्यांची शेती कुटंशी हाय?”

“शेती न्हाई यांची.”

“न्हाई?” आबा पुन्हा फटीला डोळा लावत म्हणाले. “मंग ह्यांना पावसाशी काय करायचंय?”