कोळिणीला धाडलेला निरोप

नागावच्या नाक्यावर पावसाळ्यात सुकी मासळी विकणाऱ्या त्या मावशींचं नाव मला अजून ठाऊक नाही. सुकट मापून झाली की त्या वर एक मूठ टाकायच्या आणि गिऱ्हाइकाकडे न बघता हसायच्या.

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. फावल्या वेळात मी मासळी घरपोच देणाऱ्या एका अ‍ॅप कंपनीचं कौतुक सोशल मीडियावर लिहायचो, पैसे घेऊन, खोट्या नावांनी. त्यातलं एक नाव कोळिणीचं होतं. आम्ही भातशेतीवाले, समुद्राचं मला काय कळणार? भर जुलैत तिच्या नावाने लिहिलं, ‘आज पहाटे नवऱ्याने सुरमई आणली, कंपनीने लगेच नेली.’

एकदा मावशींनी आपला फोन माझ्यापुढे धरला. तीच पोस्ट!

"बाला, मना वाचता येतं, लिवता न्हाय येत. हिला लिव, असल्या दर्यात नवऱ्याला धाडू नको. नारळी पुनव होऊ दे म्हनाव."

"मावशी, ती खरी नसेल कदाचित."

"नसली तर बरंच. पन असली तर तिचा नवरा जायचा ना!"

मी त्यांच्याच फोनवरून पोस्टखाली तसं लिहिलं. माझ्याच खिशातला फोन वाजला.

"पोचला काय रं निरोप?"

"पोचला, मावशी," मी म्हणालो.