नेलिदाच्या कपाटातली रोपं

नेलिदा सुगास्ती निवृत्त झाली, पण तिचा आवाज काही निवृत्त झाला नाही. मोन्तेविदेओच्या बसमध्ये तिनं उभी हयात कंडक्टरकी केली होती. ती "आत सरका" म्हणाली की बसमधले तर सरकायचेच, थांब्यावर उभे असलेलेही नकळत एक पाऊल मागे घ्यायचे. ला तेहा वस्तीतल्या आमच्या बोळात तिचं घर अगदी टोकाला, तळमजल्यावर. तिथून ती कुणाशी भांडतेय हे पहिल्या घरापर्यंत ऐकू यायचं, आणि बहुतेक वेळा तिची बाजू बरोबर असायची.

तिचा नवरा आदेमार हा तिच्या उलट. गिलाव्याच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि बोलणं म्हणाल तर महिन्याचं मिळून एका बशीत मावेल एवढं. म्हातारपणी साखरेनं त्याच्या पायांच्या नसा धरल्या. अंथरुणावर पाठ टेकली की तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी आग थांबेना, उलट दुपारी जेवताना तो सुपाच्या वाडग्यावर पेंगायला लागला.

मग त्याच्या लाकडी गोळे फेकायच्या खेळाच्या क्लबातल्या एका मित्रानं त्याला गांजाची विडी दिली. घरात तो वास शिरला तेव्हा नेलिदानं आकाशपाताळ एक केलं. गांजाचा वास आला म्हणून ज्यांना तिनं भर रस्त्यात बसमधून उतरवलं होतं त्यांच्या पंगतीला तिचाच नवरा बसला होता. पण त्या रात्री आदेमार सरळ सकाळपर्यंत झोपला आणि शीळ घालत उठला. ती शीळ ऐकून नेलिदाला शब्द गिळावे लागले, आणि शब्द गिळायची तिला सवय नव्हती.

आमच्या देशात गांजा औषधाच्या दुकानात, कायद्यानं मिळतो. नाव नोंदवायचं आणि दुकानातल्या यंत्रावर बोट टेकवायचं, की पुडी हातात. आदेमारनं नाव नोंदवलं, रांगेत उभा राहिला, बोट टेकवलं. यंत्रावर लाल दिवा लागला. दुसरं बोट, मग दुसऱ्या हाताचं. चुन्यानं आणि सिमेंटनं त्याच्या बोटांवरच्या रेघा केव्हाच खाऊन टाकल्या होत्या. काउंटरवरची मुलगी भली होती, तिनं त्याला बोटं धुऊन, पुसून, फुंकर घालून पाहायला लावलं. शेवटी म्हणाली की यंत्र तुम्हाला ओळखत नाही, माझा इलाज नाही.

"यंत्र ओळखत नसेल, मी ओळखते," नेलिदा म्हणाली. "हा माझा नवरा. ह्या बोटांनी ह्या शहराच्या निम्म्या भिंती लिंपल्या, आणि ह्या शहराला ती बोटं ओळखू येत नाहीत?"

रांगेतले दोघेतिघे हसले. आदेमारनं हात खिशात घातले आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. हसणाऱ्यांपेक्षा नेलिदाला त्याचं ते खिशात हात घालणं जास्त झोंबलं. ज्या हातांचा त्याला उभा जन्म अभिमान, ते त्यानं चारचौघांत लपवले होते.

त्याच आठवड्यात तिनं स्वतःच्या नावानं दुसरी नोंदणी केली, घरी लागवड करायची. कायद्यानं सहा झाडांची परवानगी आहे. तिचं बोट यंत्रानं एका दमात ओळखलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

शहाण्या माणसानं वसंताची वाट पाहिली असती. पण जुलै, म्हणजे आमच्याकडचा ऐन हिवाळा, चालू होता, भिंतींना दमटपणानं घाम सुटला होता, आणि आदेमारचे पाय काही वसंतापर्यंत थांबणार नव्हते. तिनं झोपायच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं, त्यातला कंडक्टरचा कोट दाराच्या खुंटीला लटकवला आणि ती हमरस्त्यावरच्या लागवडीच्या दुकानात गेली.

तिथं फाकुन्दो नावाचा पोरगेला माणूस बसायचा, डोक्यावर केसांचा बुचडा, नजर फोनमध्ये. त्यानं तिला बिया दिल्या, दिवा दिला, पोतंभर माती दिली आणि बादलीएवढ्या सहा कुंड्या दिल्या. जाताना म्हणाला, "सोप्पं असतं, आजी. तण आहे ते, आपोआप वाढतं."

"मी तुझी आजी नाही," नेलिदा म्हणाली.

पण सुरुवात खरंच सोपी झाली. ओल्या कागदात, दोन बशांच्या मधे ठेवलेल्या बियांना पांढरे कोंब फुटले. तिनं ते मातीत लावले, आणि बघता बघता सहाही वर आले, प्रत्येकाला दोन गोल पानं. आदेमार कपाटासमोर स्टूल घेऊन बसला आणि बराच वेळ बघत राहिला. जेवायला त्याला दोन हाका माराव्या लागल्या.

मग एका सकाळी त्यातलं एक रोप आडवं झालेलं दिसलं. पान हिरवं, शेंडा टवटवीत, आणि मातीला लागून देठ दोऱ्यासारखा बारीक, पाणचट. कुणी चिमटीत धरून पिळल्यासारखा. नेलिदानं त्याला काडीचा टेकू दिला. दुसऱ्या दिवशी ते मेलं. उरलेल्या पाचांची पानं पिवळी पडून खाली वळायला लागली.

ती फोनवर फोटो काढून दुकानात गेली. फाकुन्दोनं एक नजर टाकली आणि सांगितलं की भूक लागलीय, खत द्या. एक बाटली दिली. खत दिल्यावर पानांची टोकं करपली. तो म्हणाला, खत जास्त झालं, हे दुसरं औषध घाला, त्यानं माती धुऊन निघते. मग मातीवर हिरवट बुरा चढला आणि बारीक काळ्या माश्या उडायला लागल्या. त्यावर त्यानं चिकट पिवळे कागद विकले. दिवा जवळ असेल म्हणाला, म्हणून तिनं दिवा वर टांगला, तर रोपं प्रकाशासाठी माना ताणून लांबुडकी झाली. दिवा पुन्हा खाली आला. तोपर्यंत आणखी एक रोप आडवं झालं होतं.

नेलिदाचा संताप दर फेरीला चढत होता. बसमध्ये एखाद्याला चुकीच्या थांब्यावर उतरवलं तर कंडक्टरला जाब द्यावा लागतो. हा माणूस रोज नव्या थांब्यावर उतरवत होता आणि वर तिकीट मागत होता. वस्तीतले शहाणेही गप्प बसेनात. कुणी म्हणालं केळ्याची सालं घाल, कुणी म्हणालं पंचांगातला चंद्र बघ. वरच्या मजल्यावरची ग्लॅडिस, जिनं आयुष्यात तुळशीच्या जातीचं एक झुडूप धड जगवलं नव्हतं, ती म्हणाली की झाडांना भांडणाचा त्रास होतो.

शेवटी नेलिदानं एक कुंडी, रोपासकट, बाजाराच्या पिशवीत घातली, बसमध्ये मांडीवर घेऊन बसली आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात काउंटरवर आणून आदळली. तिनं फाकुन्दोला विचारलं की ह्याला तू सोप्पं म्हणतोस का, आणि तण जर आपोआप वाढतं तर ह्या बाटल्या कशाला. गिऱ्हाइकं माल चाळायचं सोडून ऐकायला लागली. फाकुन्दोनं पहिल्यांदाच फोन खाली ठेवला. त्यानं मातीत बोट खुपसलं, बाहेर काढलं, आणि ते चिखलानं माखलेलं बोट सगळ्यांना दाखवलं.

"नेलिदाबाई, तुम्ही ह्याला रोज पाणी घालता."

"दर तिसऱ्या दिवशी एक पेला. तू सांगितलंस तसं."

"मग माती खोटं बोलतेय का?"

मागून कुणीतरी हसलं. नेलिदानं कुंडी उचलली आणि ती घरी आली. आयुष्यात तिनं एक तिकीट जास्तीचं फाडलं नव्हतं, हिशेबात एक नाणं कमी पडू दिलं नव्हतं, आणि कालच्या पोरानं तिला दुकानभर लोकांसमोर खोटारडी ठरवलं होतं.

ती इरेला पेटली. घरी येऊन तिनं पाणी पूर्ण बंद केलं, एक थेंब नाही. दोन दिवसांनी बोट घालून पाहिलं तर माती तशीच ओली. त्यानंतरही ओली. तेव्हा तिचं लक्ष कपाटामागच्या भिंतीकडे गेलं, आणि भिंतीवरून वर छताकडे. वर ग्लॅडिसची न्हाणी होती.

त्या दिवशी आमच्या बोळानं जे भांडण ऐकलं ते अजून लोक एकमेकांना सांगतात. नेलिदानं जिन्यातच सुरू केलं. तुझ्या न्हाणीचा नळ गळतोय, माझी झाडं कुजवतोय, आणि वर मला भांडणाचे उपदेश करतेस. ग्लॅडिसही काही मुकी नव्हती. तिनं नेलिदाच्या भिंती, नेलिदाचा गांजा आणि नेलिदाच्या आईपर्यंत सगळं काढलं. मग नळवाल्याला बोलावलं. त्यानं फरशी ठोकली, भिंत चाचपली, पाइपाला कान लावला आणि सांगितलं की न्हाणी कोरडी ठणठणीत आहे. ग्लॅडिसनं दार इतक्या जोरात आपटलं की वरच्या चौकटीतली काच निखळली.

दुसऱ्या दिवशी नेलिदा भाजीला निघाली, पण पाऊस सुरू झाला म्हणून बोळाच्या तोंडावरूनच परतली. घरात आवाज येत होता. बोलण्याचा आवाज, आणि तो आदेमारचा. जो माणूस दिवसभरात मीठ मागण्यापुरतं तोंड उघडायचा तो सलग बोलत होता. ती पाय न वाजवता खोलीच्या दारापर्यंत गेली.

आदेमार कपाटासमोर स्टुलावर बसला होता. एका हातात येर्बा नावाच्या पानांच्या काढ्याचा पेला, दुसऱ्या हातात त्यासाठीच्या गरम पाण्याचा थर्मास. काढा पिऊन झाल्यावर थर्मासात उरलेलं कोमट पाणी तो एकेका कुंडीत ओतत होता, सगळ्यांना सारखं, आणि ओतताना त्यांना सांगत होता की थंडी आहे, पिऊन घ्या, म्हातारी ओरडते पण मनानं वाईट नाही.

नेलिदा कपाटापर्यंत आली. मग विचारलं, "कधीपासून?"

तो दचकला, पण थर्मास लपवला नाही. "उगवली तेव्हापासून. तू बाजारात गेलीस की."

"सगळ्या जगाशी भांडले मी. दुकानात खोटी ठरले. ग्लॅडिसची न्हाणी खणायला निघाले होते. आणि तू इथं बसून ऐकत होतास?"

"ऐकत होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सगळ्यांना विचारलंस, म्हातारे. त्या दुकानदाराला, नळवाल्याला. मला कुठं विचारलंस?" त्यानं पेला खाली ठेवला. "माझ्यासाठी लावलीस ना? मग मी नुसता धूर ओढायचा का? काहीतरी करू दे की मला."

नेलिदाला ओरडायचं होतं. घशापर्यंत आलंही होतं. रोपं मेली ती ह्याच्या मायेनं, ह्यात शंका नव्हती. पण तिच्या लक्षात आलं की उगवल्या दिवसापासून तिनंच त्याला त्या कपाटाला हात लावू दिला नव्हता. फोटो ती काढायची, खत ती घालायची, दिवा ती हलवायची. त्याला स्टूल दिलं होतं, बघायला. ती स्वैपाकघरात गेली आणि भांडी जोरजोरात घासत बसली. तो दिवस आणि पुढचा दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण ते न बोलणं तिचं होतं, त्याचं नेहमीचंच होतं.

त्यानंतर मात्र ती कामाला लागली. आधी पीठ मळून पुऱ्या तळल्या आणि ताट घेऊन जिना चढली. ग्लॅडिसनं दार अर्धंच उघडलं. नेलिदानं माफी मागितली, आणि ती मागताना तिचा चेहरा असा झाला होता की ग्लॅडिसला ताट घ्यावंच लागलं. काच बसवायचं काम आदेमारनं केलं. परतताना नेलिदाच्या हातात ग्लॅडिसचा जुना टेबलपंखा होता.

फाकुन्दोकडे गेली तेव्हा मात्र माफी मागायला नव्हे. तिनं सांगितलं की पाणी जास्त होत होतं हे तुझं खरं. पण पहिल्या दिवशी फोटो दाखवला तेव्हाच मातीत बोट घालून बघा असं सांगायचं सोडून तू बाटली विकलीस. करंगळीएवढ्या रोपाला बादलीएवढी कुंडी विकलीस, जी आठवडाभर वाळत नाही. फाकुन्दोचे कान लाल झाले. त्यानं न उघडलेली बाटली आणि तीन कुंड्या परत घेतल्या, आणि एक गोष्ट फुकट सांगितली, की पाणी द्यायच्या आधी कुंडी उचलून पाहावी, हलकी लागली तरच द्यावं. जाताना त्यानं तिला आजी म्हटलं नाही.

तोवर आणखी एक रोप गेलं होतं. वाचलेली तीन रोपं तळाला भोकं पाडलेल्या दह्याच्या डब्यांत गेली. पंख्याचा वारा लागला, माती वाळली, माश्या गेल्या. पाणी कुणी घालायचं ह्यावर चर्चा झाली नाही. नेलिदानं एका सकाळी कपाटाचं दार उघडलं, पेला आदेमारच्या हातात दिला आणि सांगितलं की आधी उचलून बघ, आणि थर्मासातलं नाही, नळाचं. तो डबा तळहातावर घेऊन हळूच वरखाली करायचा, मान हलवायचा, आणि बरेचदा पाणी न घालताच परत ठेवायचा. तिला न घातलेल्या पाण्याचाही राग यायचा. पण ती दाराशी उभी राहून तो गिळायची.

नवी पानं फुटली, टोकदार, दातेरी, गडद हिरवी. वसंतात रोपं अंगणात आली. तिन्हींतलं एक नर निघालं, म्हणजे त्याला कामाची फुलं येणार नव्हती आणि बाकीच्यांच्या फुलांत बी धरलं असतं. ते उपटावं लागलं. सगळ्यांत जास्त खाऊन पिऊन माजलेला तोच नेमका बिनकामाचा निघावा ह्यावर नेलिदा पूर्ण संध्याकाळ बोलत होती, आणि त्या बोलण्यात गल्लीतले बरेच पुरुष येऊन गेले.

उरलेली दोन मार्चअखेर कापली. कुठली फांदी आधी उतरवायची हे आदेमारनं ठरवलं, आणि नेलिदानं कात्री धरली. त्या हिवाळ्यात आदेमार झोपला. रोज नाही, पण बऱ्याच रात्री. नेलिदाला तो वास शेवटपर्यंत आवडला नाही आणि ती तसं उघड सांगायची. जुलैत कुणीतरी तिला विचारलं की यंदा पुन्हा लावणार का, तर ती म्हणाली, "मला काय विचारता? मालकाला विचारा." आणि तो अंगणात होता, बिया ओल्या कागदावर मांडत, आणि तिच्याकडे पाठ करून.