दातात धरलेला आवाज

घिवलीच्या मिस्त्रींनी सांभाळून घेतलं म्हणून मी बोईसरात टिकलो. हे आधी सांगतो, बाकीचं मागून.

मी चांद्याकडचा. लहानपणापासून दोन्ही कान वाहायचे. गुरुजींचं ऐकू येईना, म्हणून चौथीतच शाळा सुटली. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा कामाच्या शोधात इकडे आलो आणि एका साहेबांच्या शेडमध्ये लागलो. तिथलं यंत्र सांभाळणारे मिस्त्री जवळच्याच घिवलीच्या कोळीवाड्यातले. गुजरातेतल्या तेलविहिरींतले दगड तिथे येत. दगडाच्या बारीक छिद्रांत मेण नि गाळ बसला की खाली तेल असूनही विहिरीत येत नाही. साहेब असा दगड रॉकेलच्या टाकीत बुडवून त्याला यंत्राचा आवाज देत, मग बाहेर काढून वरून तेल सोडत आणि छिद्रं मोकळी होऊन ते खाली झिरपतं का ते बघत.

तो आवाज माणसाच्या कानापलीकडचा. पण यंत्र नीट जुळलं की टाकीतलं रॉकेल तव्यावरच्या मासळीसारखं चुरचुरे. बटण फिरवत राहायचं आणि ती चुरचुर ऐकू आली की थांबायचं, हे काम माझ्याकडे आलं. कानांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, आपला अंदाजानं फिरवायचो. दगडातून थेंब पडेना.

"उद्या विहिरीवाले बघायला येतायत," साहेब ओरडले. "जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो."

घरी कुठल्या तोंडानं जाणार होतो?

मिस्त्री कानाशी तोंड आणून म्हणाले, "बहिरा हायस काय रे?"

"थोडं कमी येते जी."

"थोडं? मगापासून शिव्या देतोय तुला, नि तू हसतोस!"

सकाळी त्यांनी आपल्या वल्ह्याची दांडी कापून हातभर तुकडा आणला. घोळ मासा पाण्यात आवाज करतो. त्यांच्याकडे वल्हं पाण्यात धरून दांडीला कान लावतात नि मासा हेरतात. "तुजे कान तर गेले. तू दातात धर, हाडातून ऐकू येल."

एक टोक टाकीच्या कडेला, दुसरं दातांत. बटण फिरवलं आणि डोक्यात चुरचुर भरली. हात आपोआप थांबला.

साहेब दारात. "हे काय? कान बरे आहेत ना याचे?"

"खडखडीत हायत साहेब. काड्या चावायची खोड हाय त्याला, दुसरं काय नाय," मिस्त्री गरजले.

दुपारी पाहुण्यांसमोर दगडाखाली तेलाचा थेंब पडला. मग दुसरा. नोकरी राहिली. पण गारव्यानं मेण पुन्हा बसलं, दुसऱ्या दिवशी दगड बंद. पुन्हा टाकी, पुन्हा दांडी. आणि रोज एकच धास्ती, साहेब मागून हाक मारतील नि मी वळणार नाही.

माझ्यापायी मिस्त्रींचं वल्हं आखूड झालं. एक दिवस चांद्याच्या सागाचं अखंड वल्हं घेऊन घिवलीला जाईन आणि त्यांच्या होडीत ठेवीन.