आईचा हात धरून दिलेली माफी

माझे वडील सायकलवरून पडून गेले, असं नातेवाइकांतले काही लोक अजून म्हणतात. ते पडले नव्हते. उचगावच्या अलीकडे दुधाच्या टेम्पोनं त्यांना मागून धडक दिली. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी सायकल काढायचे आणि येताना पाव नाहीतर कोथिंबीर घेऊन यायचे. त्या दिवशी ते परत आलेच नाहीत. टेम्पोवाला मात्र पळून गेला नाही. त्यानंच रिक्षा थांबवली आणि पप्पांना दवाखान्यात आणलं. पण वाटेतच सगळं संपलं होतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्या चर्चमध्ये तरुणांचा बायबल वर्गही माझ्याकडे आहे. नोकरीत, परीक्षेत, गाडी चालवताना, मोबाइल हातात असताना ख्रिस्ती माणसानं कसं वागावं, हा माझ्या आवडीचा विषय. विश्वास म्हणजे रविवारचे इस्त्रीचे कपडे नव्हेत, सोमवारी कपाटात ठेवायला, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की पोरं ते माझ्या आधीच म्हणून मोकळी होतात.

दफनविधी होऊन आठवडा झाला असेल. घर माणसांनी भरलेलं होतं. जामिनावर सुटलेला तो ड्रायव्हर बायकोला घेऊन आमच्या दारात येऊन उभा राहिला. पंचविशीतला असावा. बायकोच्या कडेवर लहान मुलगी होती. "माझा डोळा लागला," एवढंच तो म्हणाला आणि पलंगावर बसलेल्या आईच्या पायांवर पडला. काका त्याला हाकलायला उठले. मी त्यांना हातानंच थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आम्ही ख्रिस्ती आहोत. आम्ही तुला माफ केलंय."

 आईचा हात मांडीवर होता. मी तो उचलला आणि त्या माणसाच्या डोक्यावर ठेवला. हात गार होता आणि जड. तिनं मूठ आवळलेली होती, ती उघडेना. मी तिचं मनगट तसंच धरून ठेवलं आणि प्रार्थना केली. तो ओक्साबोक्शी रडला. खोलीतल्या बायकाही रडल्या. आई तेवढी रडली नाही. ती किती मोठ्या मनाची आहे, असं मला तेव्हा वाटलं.

एका चुलतभावानं हे सगळं मोबाइलवर टिपलं होतं. दोन दिवसांत तो व्हिडिओ कोल्हापूरभर फिरला. चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेतल्या संदेशात आमच्या कुटुंबाचा दाखला दिला. कॉलेजात सहकारी येऊन हात धरायचे. "सर, हे आमच्याच्यानं झालं नसतं," असं म्हणायचे. "देवाची कृपा," असं मी उत्तर द्यायचो आणि स्टाफरूममधून बाहेर पडताना माझी पावलं हलकी असायची. खरं सांगायचं तर वडील गेल्याचं दुःख त्या दिवसांत मला नीट झालंच नाही. माझा सगळा वेळ कौतुक ऐकण्यात गेला.

आई हळूहळू बदलली. महिला मंडळात जाणं तिनं सोडलं. उपासनेला यायची, पण गुडघ्यांचं निमित्त काढून शेवटच्या बाकावर बसायची. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणत असताना एकदा मी तिच्या शेजारी होतो. दुसऱ्यांना माफ करण्याची ओळ आली तशी ती गप्प झाली आणि पुढच्या ओळीला परत मिसळली. पुढच्या रविवारीही तेच झालं. लहानपणी ही प्रार्थना मला तिनंच शिकवली होती.

मला राग आला. आपल्या घरातच असं चाललंय आणि मी बाहेर साक्ष देत फिरतोय, याचा राग. मग मी तिला शिकवायला लागलो. नाश्त्याला बसलो की सुरू. मनात कडूपणा ठेवू नये, त्यानं आपलंच नुकसान होतं, वगैरे. ती म्हणायची, "खा आधी. गार व्हायलंय." एकदा मी पाळकसाहेबांना घरी घेऊन आलो. ते तिच्याशी फार प्रेमानं बोलले. ते गेल्यावर तिनं दार लावलं आणि तिथंच उभी राहून मला विचारलं, "माफ कुणी केलं त्याला?"

"आपण," मी म्हणालो.

"मी न्हाय. तू केलंस. माझा हात उचलून केलंस." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "नवरा माझा गेला. मला इचारायचं तरी हुतंस की."

"आई, पण प्रभूनं सांगितलंय..."

"मला म्हाईत हाय काय सांगितलंय ते. तुला कुणी शिकवलं? मी प्रभूला रोज सांगते, मला अजून जमत न्हाय म्हणून. तो काय माझ्यावर वरडत न्हाय. घाई तुलाच हाय."

 मी खोलीत जाऊन तो व्हिडिओ काढला आणि पहिल्यांदा आवाज बंद करून बघितला. प्रार्थना ऐकू येत नव्हती, त्यामुळे नुसतं दिसतच होतं. एक म्हातारी बाई, तिची घट्ट मूठ आणि तिच्या मनगटाला धरून ठेवलेला माझा हात. ती हात मागे ओढत होती. थोडासाच, पण ओढत होती. इतक्या लोकांनी तो व्हिडिओ बघितला आणि कुणालाच ते दिसलं नाही. मलाही नाही.

चुलतभावाला सांगून मी तो काढून टाकायला लावला. आपल्या फोनमधून तो जातो, लोकांच्या फोनमधून जात नाही. बायबल वर्ग काही महिने दुसऱ्या कुणाकडे द्या, असं पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा सगळं बोललो.  ते म्हणाले, "मीही आईंना न विचारता संदेशात सांगितलं." 

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी आई लुगड्याच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मला त्याच्या घरी ने."

"कशाला?" मी घाबरून विचारलं.

"काम हाय."

त्याचं गाव मलकापूरच्या पुढे, रत्नागिरी रस्ता सोडून आत होतं.  गावात शिरल्यावर एका म्हाताऱ्यानं "कुठनं आलाय पावणं?" म्हणून विचारलं आणि घर दाखवलं. ड्रायव्हर गोठ्यातून बादली घेऊन येत होता. आईला बघून तो जागीच थांबला. टेम्पो त्यानं सोडला होता, आता दुसऱ्यांच्या म्हशी बघायचा. बायकोनं ओसरीवर सतरंजी टाकली. आई बसली आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "मी माफ करायला आले न्हाय. त्ये मनातनं काढ."

त्यानं मान हलवली.

"मला इचारायचंय. त्ये शेवटचं काय बोललं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"कुणी इचारलंच न्हाय मला, मावशी," तो म्हणाला. "पोलिसांनी गाडीचं इचारलं. बाकी कुणी न्हाय." मग थांबत थांबत तो सांगायला लागला. त्यानं पप्पांना उचलून रस्त्याच्या कडेला बसवलं होतं. ते शुद्धीवर होते. आधी त्यांनी चष्मा मागितला. "मी रस्त्यावर चष्मा हुडकत बसलो. मला दुसरं काय सुचंना. घावला, पुसून डोळ्यावर घातला. मग म्हणाले, घरी फोन लाव. चहा टाकू नको म्हणावं, उशीर हुईल. नंबर सांगाय लागले आणि मधीच थांबले."

आई त्याच्याकडे बघत राहिली. "मी टाकला हुता," ती म्हणाली. "उकळून उकळून काळा झाला."

आणि मग ती रडली. पप्पा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मोठ्यानं, डोक्यावरचा पदर खाली पडला तरी. ड्रायव्हर समोर बसून रडत होता. कुणी कुणाला हात लावला नाही. मी ओसरीच्या खांबाशी उभा होतो आणि मला जवळ जाण्याचा धीर झाला नाही. हा माणूस माझ्या घरात, माझ्यासमोर पायांवर पडला होता, आणि माझ्या बापाचं शेवटचं बोलणं त्याच्यापाशी होतं. मी त्याला माफ केलं, त्याच्यासाठी प्रार्थना केली. पण काय झालं, एवढं साधं विचारलं नाही. मला ते ऐकायचंच नव्हतं. माफी देऊन मी त्याचं तोंड बंद केलं होतं आणि आईचंही.

आईनं त्यांच्या घरचं दूध प्यायलं. निघताना ती त्याला म्हणाली, "झोप आली तर गाडी चालवू नगं. कुणाचीबी." तो बरं म्हणाला. यापलीकडे काही झालं नाही. तिनं त्याला माफ केलं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. तो आणि ती, दोघांचा तो हिशेब देवाकडे आहे, आणि त्यात डोकवायचं नाही एवढं मला उशिरा कळलंय.

परतीच्या वाटेवर मलकापूर ओलांडल्यावर मी गाडी कडेला घेतली. काय बोलायचं ते मनात जुळवलेलं होतं, पण बोलताना त्यातलं काहीच आलं नाही. नुसतं म्हणालो, "आई, मला माफ करशील?"

ती खिडकीतून उसाकडे बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "बघू की."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. ती मला डबा भरून देते, भाजी आणायला विसरलो तर बोलते, रविवारी माझ्या गाडीतूनच चर्चला येते. त्या प्रश्नाबद्दल ती काही बोललेली नाही आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.