बंद खिडकीचा मेकॅनिक

कोल्हारला आमच्या भागात कूलर दुरुस्त करणारा एकच माणूस आहे. दर उन्हाळ्यात मी त्याला बोलावतो आणि दर उन्हाळ्यात तो मला तेच ऐकवतो. घरात आला की तो कूलरकडे बघतही नाही, आधी खिडक्यांकडे बघतो. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही त्या घट्ट लावून घेतलेल्या असतात. तो एक खिडकी उघडतो, खांद्यावरचा पंचा तिच्यासमोर धरतो आणि पंचा बाहेरच्या बाजूला फडफडेपर्यंत तसाच उभा राहतो.

"कूलरला काय बी झालेलं न्हाई, गुरुजी. वल्ली हवा भाईर जाऊ द्या. शाळंत काय शिकवता?"

पेचकस पिशवीतून निघतच नाही.

परवा त्याला बोलवायला मी पहिल्यांदाच त्याच्या घरी गेलो. कूलर जोरात चालू, खिडक्या सगळ्या बंद आणि हा घामानं निथळतोय. न राहवून मी खिडकीच्या कडीला हात घातला. त्यानं घाईघाईनं माझा हात धरला, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. ती म्हनती, गार हवा भाईर जाती."

आणि वारा घ्यायला त्यानं पंचा माझ्या हातात दिला.