न बांधलेल्या मोळ्या

त्या सोमवारी मी परळीला वैजनाथाशी भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू. दोन वर्षांपासून आमचे मालक बदलत चालले होते. आधी चाल मंदावली, मग शब्द सापडेनासे झाले. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडात धरून दाखवला. आतल्या बारीक रक्तवाहिन्या कित्येक वर्षांपासून अरुंद होत होत्या, रक्त पुरेसं पोचत नव्हतं, त्यामुळे मेंदूचा काही भाग आकसला होता. "कालव्याच्या टोकाच्या रानाचं होतं ना, तसं झालंय," ते हळू आवाजात म्हणाले. "गेलेलं परत येत नाही. आहे ते जपायचं." दुष्काळाचं साल होतं, म्हणून मला ते लगेच कळलं. पण पटलं नाही. आठच दिवसांपूर्वी यांनी मला विचारलं होतं, "बाई, तुमी कुणाच्या?"

एकवीस वर्षं आम्ही जोडीनं कारखान्याचा ऊस तोडला. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हे तोडायचे, मी मोळी बांधायची. देवाकडे माझं एकच मागणं होतं, यांच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकू दे. नाही ऐकवलंस तर पुन्हा तुझी पायरी चढणार नाही, असंही बजावणार होते.

गर्दीमुळे बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या केल्या होत्या. यांना पुरुषांच्या रांगेत उभं करून, "हलू नका," असं सांगून मी बायकांच्या रांगेत शिरले. काय माझी अक्कल! ज्याला बायको आठवत नाही, त्याला रांग कशी आठवणार? थोड्या वेळाने वळून पाहते तर हे नाहीत. दिसेल त्याला विचारलं. बेल विकणारी म्हणाली, "उसाच्या ट्रॅक्टरमागं गेला बघा एक माणूस."

मी पळत सुटले. गावाबाहेर सहकारी कारखान्याने जनावरांसाठी छावणी उघडली होती. तिथे सावलीत हे बसलेले, शेजारी एक अनोळखी म्हातारी. तिने यांना पाणी दिलं होतं, अर्धी भाकर खाऊ घातली होती. पुढ्यात वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, पाच-सहा ढीग नीट रचलेले. प्रत्येकाखाली बंध घातलेला, टोकं मोकळी.

"तुझा धनी हाय व्हय?" म्हातारी म्हणाली. "लई निगुतीनं रचतो. पर एक बी मोळी बांधंना. मी बांधाया गेले तर हात धरला माझा. म्हनला, ऱ्हाऊ द्या, बांधणारी येतीय."

मी तिथेच मातीत बसून रडले. मग एकेक मोळी बांधली. यांनी मान वर न करता पुढचा ढीग माझ्याकडे सरकवला.

परळीला पिंडीला हात लावून दर्शन घेता येतं. दुपारी यांचा हात माझ्या हातात धरून मी पिंडीवर टेकवला. भांडायचं होतं ते विरून गेलं होतं, मागावंसंही काही वाटेना. "जेवढं ठेवलंस तेवढं सांभाळीन, देवा," एवढंच म्हणाले. म्हातारीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती कोण, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. रोज दिवा लावताना तिला हात जोडते.

माझं नाव यांना अजूनही आठवत नाही. परवा सकाळी पुन्हा तेच, "बाई, तुमी कुणाच्या?"

"मोळी बांधणारी," मी म्हणाले.

हे बाजेवर जरा बाजूला सरकले. "मग बस की. कवाची वाट बघतोय."